निळ्या चिंधीची लडी

कापसाला वास असतो, हे कापसाच्या मुलखाबाहेरच्या माणसाला पटवून देणे कठीण. नुकत्याच वेचलेल्या कापसाला उन्हाचा वास येतो. सरकी काढली की त्यात तेलाची पुसट ऊब मिसळते. आणि पिंजून, कातण्यासाठी वळून, पेळू करून तो शाळेतल्या टोपलीत चार दिवस राहिला की त्याला शाळेचाच वास लागतो, सारवलेल्या जमिनीचा, पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा, मुलींच्या केसांतल्या तिळाच्या तेलाचा. अजूनही एखाद्या दुकानात खादीचा तागा उलगडला जाताना मी नकळत पुढे वाकते. दुकानदाराला वाटते, बाईंना कापडातले कळते.

माझे वडील तापीकाठच्या रेल्वेमार्गावरील एका लहानशा स्टेशनावर नोकरीला होते. स्वातंत्र्य येऊन पाचसहा वर्षे झाली असतील. स्टेशनाजवळ आमचे आणि रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याचे अशी दोनच घरे. बाकी नजर पोचेल तिथवर काळी जमीन आणि तिच्यावर कपाशी. गाव अर्ध्या कोसावर होते. तिथल्या दोन खोल्यांच्या कन्याशाळेत मी सातवीला होते. घरी आम्ही पुस्तकातल्यासारखे बोलत असू. शाळेत सगळ्या मुली अहिराणी बोलत. पहिल्या वर्षी त्या माझी नक्कल करून हसत. दुसऱ्या वर्षी माझ्याही तोंडी 'आहे'साठी 'शे' आणि 'सगळे'साठी 'बठ्ठं' बसले, तेव्हा हसण्याची पाळी आईची आली.

शाळेत एकच बाई. धुळ्याहून ट्रेनिंग घेऊन आलेल्या, चाळिशीच्या, उंच आणि किंचित पोक असलेल्या. त्यांच्या चष्म्याची एक काडी मोडली होती आणि ती सुताने बांधलेली होती. वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास 'नीतिपाठ' म्हणून लिहिलेला असे आणि त्यासाठी भिंतीवर एक तक्ताही टांगलेला होता : खरे बोलावे, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जावे. बाई तो तक्ता आमच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घेत आणि म्हणत, झाले, आता टकळ्या काढा. उरलेला सगळा तास सुताचा.

त्या तासाला बोलायचे नाही, एवढाच नियम होता. बोटे कोरडी राहावीत म्हणून प्रत्येकीपुढे चिमूटभर राख ठेवलेली असे. करवंटीच्या पोटात टकळ्यांच्या पितळी चकत्या फिरू लागल्या की मोहरलेल्या निंबाखाली उभे राहिल्यावर मधमाश्यांचा येतो तसा एक बारीक, अखंड नाद खोलीत भरून राही. डावा हात पेळू घेऊन वर वर जाई आणि त्याच्या पाठोपाठ सुताचा धागा. तो कापसातून केव्हा निघाला ते डोळ्यांना कळत नसे. शब्द हवेतून येतात असे मला पुढे जे वाटू लागले, त्याचे मूळ कदाचित त्या धाग्यात असेल.

तास संपला की प्रत्येकीने आठवड्याच्या सुताची लडी करून, तिला आपापल्या रंगाची चिंधी बांधून, बाईंपुढच्या सुपात ठेवायची. माझी चिंधी निळी, आईच्या जुन्या लुगड्याची. बाई त्या लड्या घरी नेत. एकदा निरोप द्यायला गेले असता मी त्यांना पाहिले : त्या दारात बसल्या होत्या, डोळे मिटलेले, आणि एक लडी उलगडून तिचे सूत अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून सावकाश ओढत होत्या, जपमाळ ओढावी तसे. मध्येच त्यांची बोटे थांबत, मागे जात, पुन्हा पुढे येत. त्या सूत तपासत आहेत, एवढेच मला समजले.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या एखाद्या मुलीला म्हणत, चल, निंबांना पाणी घालू. शाळेच्या मागे आम्हीच लावलेली निंबाची सात रोपे होती आणि विहीर पलीकडच्या मळ्यात. आम्हांला दिसे ते इतकेच की, जिच्या सुतात गाठी असतील, जाडेभरडेपणा असेल, तिलाच सोमवारी बोलावणे येते. ती कळशी घेऊन जाते, परत येते तेव्हा पाय चिखलाने भरलेले असतात आणि डोळे लाल. काय झाले म्हणून विचारले तर कोणी काही सांगत नसे. त्या न सांगण्यावरून आम्ही ठरवून टाकले की ही शिक्षा आहे. कुणाची टकळी अडखळली की शेजारची कुजबुजे, "सोमवारले पानी शे तुन्हं," आणि अडखळणारीचा धागा हमखास तुटे.

बसायच्या पट्टीवर माझ्या शेजारी असणारी मुलगी गावातल्या शेतकऱ्याची थोरली लेक होती. तिला बाई व्हायचे होते. हे ती लपवीत नसे. सातवीची फायनल पास व्हायची, धुळ्याला ट्रेनिंगला जायचे, आणि मग कुठल्या तरी गावात खुर्चीवर बसून हजेरी घ्यायची. सराव म्हणून ती घरच्या शेळ्यांची हजेरी रोज घेत असे. पाच शेळ्यांपैकी एक नेहमी गैरहजर राहते, आणि तिला अंगठे धरून उभे करता येत नाही ही मोठी पंचाईत आहे, असे ती गंभीर चेहऱ्याने सांगे. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे होती. तिच्याशिवाय मी त्रैराशिक ओलांडले नसते.

दसऱ्याच्या सुमारास तिच्या आईला मुलगा झाला आणि आई अंथरुणावरून उठेना. दळण, पाणी, भाकरी, शेण, बाळाची दुपटी, सगळे तिच्या अंगावर आले. याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मला कळले ते तिच्या बोटांवरून. राखेच्या पाण्याने धुणी धुऊन धुऊन बोटांच्या टोकांना चिरा पडल्या होत्या. त्या चिरांत कापसाचे तंतू अडकत, धागा ताणला जाई, तुटे. ती थुंकी लावून जोडी, पुन्हा तुटे. तास संपताना तिची लडी पाहिली तर ती माकडाच्या शेपटीसारखी दिसत होती. ती सुपाकडे जायला उठली. आधीच विहिरीवरून दिवसाला दहा खेपा करणारी ती मुलगी. तिला आणखी पाणी भरायला लागणार.

समोर तक्ता होता. शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जावे. मी तिच्या हातातली लडी घेतली, तिची तांबडी चिंधी सोडली, माझी निळी बांधली. माझ्या सरळ, बारीक सुताला तिची तांबडी बांधली आणि दोन्ही सुपात टाकल्या. बाईंची पाठ होती. वाटेत ती म्हणाली,

"आते तुले पानी भरनं पडी."

"भरसू," मी म्हटले. त्या दिवशी स्टेशनापर्यंतची वाट मी जवळजवळ उडतच गेले.

सोमवारी मला बोलावणे आले. बाईंनी कळशी माझ्या हाती दिली नाही. पोहरा त्यांनीच ओढला. पोहऱ्याच्या ओल्या सोलदोराचा तो गवतट वास, कठड्याच्या फटीत उगवलेल्या पिंपळाच्या पानावर पडलेले थेंब, आणि दूर कुठेतरी मोटेची कुरकुर. आम्ही दोघींनी मिळून कळशी आणली. पहिल्या रोपाच्या आळ्यात पाणी सोडले. माती चटचट आवाज करीत ते पिऊ लागली. दुसरे रोप, तिसरे. चौथ्यापाशी बाई रोपाकडेच बघत म्हणाल्या, "तुझं सूत या आठवड्यात फार तुटत होतं गं. काय झालंय?"

आणि त्या थांबल्या. मला आजवर अनेकांनी अनेक गोष्टी विचारल्या होत्या, पण विचारून असे थांबणारे कोणी भेटले नव्हते. वडील गाड्यांच्या वेळेत असत. आई तिच्या कामात. उत्तराचा पहिला शब्द तोंडात असतानाच प्रश्न पुढे गेलेला असे. इथे एक मोठे माणूस ओल्या हातांनी उभे होते आणि माझ्या शब्दांसाठी त्याला जगातली सगळी सवड होती. शिक्षा म्हणतात ती ही होती. डोळे लाल का होत, ते एका क्षणात कळले.

मला सांगण्यासारखे काहीच दुःख नव्हते. तेव्हा मी एक तयार केले. म्हटले, वडिलांची बदली होणार आहे, ही शाळा सुटणार आहे. बोलता बोलता मला खरेच रडू आले. बाईंनी गार हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाल्या, त्याही लहानपणी पिंपळनेर सोडून आल्या होत्या आणि तिथल्या ओढ्याकाठची वाट त्यांच्या पायांना अजून आठवते. सात रोपे संपली तेव्हा वाटले, सतरा का नाहीत.

वर्गात आले तशी शेजारणीने माझ्या भिजलेल्या पायांकडे पाहून हळूच विचारले, "जड व्हतं का?"

मी नाही म्हटले. त्यापुढे जे सांगायचे होते, की ही शिक्षा नाही, तू जा, तूच जायला हवे, ते मी सांगितले नाही. त्या वेळी माझ्यापाशी कारणे होती : बाईंनी विश्वासाने बोललेले बाहेर कसे सांगावे; चिंध्या बदलल्याचे उघडकीला येईल. आज त्या कारणांना काही वजन नाही. ते झाड, तो हात, ते थांबणे मला माझ्यासाठी हवे होते.

पुढच्या शनिवारी मी चिंध्या पुन्हा बदलल्या, आणि त्याच्या पुढच्याही. पहिल्या वेळी तिच्यासाठी बदलल्या होत्या. नंतरच्या वेळी कोणासाठी, ते मला ठाऊक होते आणि तक्त्याकडे मी पाहत नसे. ती मात्र दर वेळी उपकाराचा भार झाल्यासारखी मान खाली घाली. एकदा तिने पदराच्या गाठीतून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या दप्तरात गुपचूप टाकल्या. असे पाच शनिवार गेले. बाईंच्या बोटांखालून तिच्या नावाने माझे सरळ सूत जात राहिले.

वेचणी जोरात आली, तशा वर्गात रिकाम्या जागा दिसू लागल्या. त्या दिवसांत मुली शेतावर जातच; आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा येत. माझ्या शेजारची जागा रिकामी झाली तेव्हा कोणाला विशेष वाटले नाही. त्याच आठवड्यात फायनलचे अर्ज भरायचे होते. वडिलांची सही किंवा अंगठा घेऊन अर्ज परत आणायचा होता. तिचा आला नाही. बाईंनी दोन दिवस वाट पाहिली, निरोप धाडला, तो शेतावर कोणाच्या तरी हाती लागून तिथेच राहिला, आणि अर्जांचा लखोटा धुळ्याला गेला.

त्या शनिवारी बदलायला दुसरी लडी नव्हती. माझ्या निळ्या चिंधीखाली पाच आठवड्यांनंतर माझेच सूत सुपात पडले.

सोमवारी बाईंनी मला हाक मारली. विहिरीच्या कठड्यावर त्यांनी दोन लड्या ठेवल्या, दोन्हींना निळीच चिंधी. एक पंधरवड्यापूर्वीची, एक परवाची. त्यांनी पोहरा सोडला नाही.

"स्टेशनावर तुझे वडील भेटले होते. बदलीचं काही नाही, म्हणाले." मग जुन्या लडीवर बोट ठेवून, "हे कोणाचं आहे?"

मी सगळे सांगितले. तिची आई, बाळ, बोटांच्या चिरा, पाण्याची शिक्षा. बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या, तो स्वच्छ झाल्यावरही.

"सूत सरळ येत होतं तिचं," त्या स्वतःशीच बोलल्या. "मी म्हटलं, वेचणीला गेली असेल." नंतर माझ्याकडे वळून त्यांनी विचारले की पाणी घालणे ही शिक्षा आहे असे सगळ्याच मुलींना वाटते का. मी मान हलवली. त्यांनी सातही रोपांवरून नजर फिरवली. ती चूक त्यांनी आपल्याकडे घेतली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसले. पण पुढचे वाक्य माझ्यासाठी होते.

"पहिल्या सोमवारी तुला कळलं होतं ना? आणि तरी तू तिला सांगितलं नाहीस."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी ते केव्हाच विसरले असते.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ओटीवर छातीइतका कापसाचा ढीग होता. आत चुलीचा धूर, आणि अंधारात आईची खाट. माझी शेजारीण बाळाला काखेत घेऊन एका हाताने पीठ मळत होती. बाईंना दारात पाहताच ती उठली. कणकेचा हात तसाच पुढे, तोंड पांढरे पडलेले. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

"बाई, मी येसू पानी भराले," ती म्हणाली. "सोमवारले येसू."

बाई उंबऱ्यातच खाली बसल्या. हात पसरून त्यांनी बाळ मागून घेतले आणि मांडीवर आडवे ठेवले. पाणी भरायला कोणी बोलावलेले नाही, असे त्या तिला कितीतरी वेळा सांगत होत्या, आणि तिला ते पटत नव्हते.

दिवे लावायच्या वेळी तिचे वडील शेतावरून आले. बाईंना बसलेले पाहून त्यांनी डोक्यावरचे मुंडासे सारखे केले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पोर हुशार आहे, हे मला माहीत आहे, असे ते स्वतःहून म्हणाले. "पन घर कोन दखी, बाई?"

बाईंनी घरच्या कामाबद्दल वाद घातला नाही. सकाळचे घर तिने पाहावे, म्हणाल्या; दुपारी बाळाला घेऊन शाळेत यावे; झोळी त्या स्वतः बांधतील.

"शाळामा? तान्हं पोर?" ते म्हणाले. "साहेब तपासाले उना ते?"

"आला तर त्यालाही झोका द्यायला लावीन, भाऊ."

खाटेवरून आईचे हसू ऐकू आले. बारीक, दमलेले, पण हसूच. बाप मिशीत हसला आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेला.

आमच्या सुताचे विणून आलेले कापड कपाटात होते. त्याची झोळी आढ्याला बांधली गेली. तिला एक लांब दोरी. दोरी पट्टीवरून पट्टीवर फिरे, आणि जिच्या हाती असेल ती डाव्या हाताने झोका देत उजव्या हाताने गणित सोडवी. शनिवारी टकळ्यांचा नाद सुरू झाला की बाळ आपोआप झोपे. त्या दिवसापासून पाणी घालायला रोज एक मुलगी जाऊ लागली, हजेरीच्या क्रमाने, सूत कसेही असो. बाईंनी याचे कारण वर्गाला सांगितले तेव्हा माझे नाव घेतले नाही. निळ्या चिंधीची ती गाठाळ लडी मात्र त्यांनी मला दिली. म्हणाल्या, तुझ्याजवळ राहू दे.

अर्जासाठी त्या पहिल्या गाडीने आणि पुढे मोटारीने धुळ्याला गेल्या. माझ्या वडिलांनीच त्यांना तिकीट दिले. संध्याकाळच्या गाडीने परतल्या. यादी बंद झाली होती. पुढच्या वर्षी पाहू, असे उत्तर मिळाले होते. ती त्या वर्षी आमच्या बरोबरीने सगळे शिकली. माझ्याकडून त्रैराशिक घोकून घेतले ते तिनेच. आम्ही परीक्षेला धुळ्याला निघालो त्या सकाळी ती बाळाला कडेवर घेऊन स्टेशनावर आली होती आणि गाडी हलली तरी प्रत्येकीला पेन घेतले का म्हणून विचारत होती. पुढच्या वर्षी अर्ज भरण्याआधीच, वैशाखात, तिचे लग्न पारोळ्याला झाले.

मी ट्रेनिंग घेतले. जळगावच्या एका शाळेत लागले. माझ्या वर्गामागेही निंब लावले. मुलींना पाणी घालायला नेऊ लागले, आणि विचारून थांबायला शिकले. ते शिकायला मला दोन वर्षे लागली. ट्रंकेच्या तळाशी ती लडी होती. ती मी कधी उलगडली नाही.

तिच्या लग्नानंतर पाचसहा वर्षांनी असेल, धुळ्याला जाताना पारोळ्याच्या स्टँडवर एस. टी. बराच वेळ थांबली. बाजाराचा दिवस होता. डोक्यावर मिरच्यांचे गाठोडे, बोटाला एक मुलगी, अशी ती समोरून आली आणि मला पाहून बाजाराच्या मधोमध उभी राहिली. पुढची गाडी मिळेल म्हणून तिने मला घरी नेले. घर किल्ल्याच्या बाजूला, दोन खणांचे. दारात कमरेइतका निंब होता. शेळ्या तीनच होत्या आणि हजेरी आता मुलगी घेत होती.

चहा झाल्यावर मी ते बोलले. पहिल्याच सोमवारी मला कळले होते की ती शिक्षा नाही. मी तुला सांगितले नाही. सांगितले असते तर बाईंना वेळीच कळले असते आणि तुझा अर्ज धुळ्याला गेला असता. हे तिला नवे नसावे. अर्ध्या गोष्टी तिने त्या वर्षीच जोडल्या असणार. मुलीच्या बाहीचे बटण लावून झाल्यावर ते तिने पुन्हा काढले आणि पुन्हा लावले. तिच्या बोटांच्या चिरा भरल्या होत्या, त्यांच्या जागी पांढऱ्या रेषा होत्या. मग ती उठून आत गेली. मला वाटले, आता निघावे.

ती बाहेर आली तेव्हा हातात भरलेली कळशी होती. ती तिने माझ्यापुढे ठेवली आणि दारातल्या निंबाकडे हनुवटीने खूण केली.

"घाल पानी," ती म्हणाली. "आज मी इचारसू."

मी आळ्यात पाणी सोडले. माती चटचटत ते पीत राहिली, अगदी तशीच. ती उंबऱ्यात बसली होती, मुलगी मांडीवर, नजर माझ्यावर नाही, निंबावर.

"काय चाली राहिनं तुन्हं?" तिने विचारले, आणि ती थांबली.

बाजाराचा गलका दुरून येत होता. पुढची गाडी लागल्याचा भोंगाही ऐकू आला. ती थांबलेली होती. मी कळशी खाली ठेवली आणि सांगायला लागले. या वेळी जे खरे होते तेच.